हिब्रू-ग्रीक शिकवणारे मुक्त सॉफ्टवेअर मराठीतून बनवायचे तर

प्रश्न डिचोलीहून आला आहे. विचारणारे संगणक अभियंते आहेत. ते लिहितात: "बायबलच्या मूळ भाषा, म्हणजे हिब्रू आणि ग्रीक, मराठीतून शिकवणारे एक विनामूल्य, मुक्त स्रोत ॲप आम्हा तिघा मित्रांना बनवायचे आहे. नोकरी सांभाळून रोज दीड तास देऊ शकतो. मला स्वतःला ग्रीक मुळाक्षरे येतात, हिब्रू अजून नाही. सुरुवात कुठून करू? आणि लोक कुठे चुकतात?"

मी फोंड्याला राहतो. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि गेली बारा वर्षे उरलेल्या वेळात हेच काम करतो, शनिवारी त्याचा वर्गही घेतो. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला. उत्तर लांबणार आहे, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर माझी तीन वर्षे वाचली असती.

पहिले सांगणे असे की ॲप सर्वांत शेवटी बनवा. पडदे, बटणे, रंग यांना हात लावण्याआधी तीन गोष्टी हाताशी हव्यात: मूळ पाठ, त्या पाठातल्या प्रत्येक शब्दाचे चालवलेले व्याकरण आणि मराठीत लिहिलेली समजूत. पहिल्या दोन गोष्टी जगाने फुकट देऊन ठेवल्या आहेत. तिसरी कोणीच दिलेली नाही. तुमच्या रोजच्या दीड तासातला सव्वा तास तिच्यासाठी राखून ठेवा.

तयार काय आहे ते आधी पाहू. हिब्रू बायबलची सर्वांत जुनी संपूर्ण हस्तलिखित प्रत, लेनिनग्राड कोडेक्स, साधारण इ. स. १००८ ची आहे आणि सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिचा संगणकीय पाठ वेस्टमिन्स्टर लेनिनग्राड कोडेक्स या नावाने मोकळा मिळतो. ओपन स्क्रिप्चर्स हिब्रू बायबल या प्रकल्पाने त्यातल्या शब्दाशब्दाला मूळ रूप आणि व्याकरण जोडले आहे. ग्रीक नव्या करारासाठी एसबीएल या बायबल-अभ्यासकांच्या संस्थेचा २०१० चा पाठ आहे, आणि जेम्स टाउबर यांच्या मॉर्फजीएनटीमध्ये त्याच्या प्रत्येक शब्दाचे व्याकरण चालवलेले आहे. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात एएप ताल्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून उभा राहिलेला हिब्रू डेटा सर्वांत खोल आहे. त्यात शब्दांच्या पलीकडे वाक्यांश आणि उपवाक्येही नोंदलेली आहेत. तो चाळायला डिर्क रोर्डा यांची टेक्स्ट-फॅब्रिक ही पायथन लायब्ररी आहे. बायबल ऑनलाइन लर्नर नावाची एक खुली प्रणालीही आहे. ती याच डेटावरून सराव तयार करते. शिक्षकाने "रूथच्या पुस्तकातली भूतकाळी क्रियापदे" असे निवडले की प्रश्न थेट पाठातून येतात. नवे काही लिहिण्याआधी ही प्रणाली महिनाभर विद्यार्थी म्हणून वापरा. कदाचित तुम्हाला वेगळे ॲप लागणारच नाही, तिच्यात मराठी घालणे पुरेसे ठरेल. तसे झाले तर ते कमीपणाचे समजू नका. चालू विहिरीला पायऱ्या बांधणे हेही पुण्याचेच काम आहे.

आता परवाने. इथे सगळ्यांत जास्त लोक ठेचकाळतात, मीही ठेचकाळलो. आमच्या पहिल्या शब्दकोशासाठी मी एका संकेतस्थळावरून अर्थांची यादी घेतली होती. "मोफत डाउनलोड" असे लिहिले होते, तेवढे मला पुरे वाटले. आठ महिने आम्ही त्या अर्थांचे मराठी करत बसलो. मग एका जाणकाराने दाखवून दिले की ती यादी एका चालू प्रकाशनातून जशीच्या तशी उचललेली आहे. सगळे काम फेकून द्यावे लागले. मोफत म्हणजे मुक्त नव्हे, हे तेव्हा कळले. मोफत म्हणजे आज पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे दुसऱ्याने ते घ्यावे, बदलावे, पुढे द्यावे याची लेखी परवानगी आहे.

हिब्रूचा वेस्टमिन्स्टर पाठ मोकळा आहे आणि त्यावरचे ओपन स्क्रिप्चर्सचे व्याकरण नामोल्लेखाच्या अटीवर मिळते. मॉर्फजीएनटीला नामोल्लेखासोबत "तुम्हीही याच अटींवर पुढे द्या" ही अट आहे. ॲमस्टरडॅमच्या डेटाला "व्यापारी वापर नको" अशी अट आहे. या शेवटच्या दोन अटी एका साच्यात बसत नाहीत. दोन्ही डेटा मिसळून एकच नवी फाइल बनवली तर ती कोणत्याच परवान्याखाली देता येणार नाही. म्हणून फाइली वेगळ्या ठेवा, प्रत्येक फाइलशेजारी तिचा परवाना ठेवा, आणि तुमच्या कोडचा परवाना डेटाच्या परवान्यापासून वेगळा लिहा. विद्वानांच्या वापरातला नेस्ले-आलांडचा ग्रीक पाठ आणि बीएचएस ही हिब्रू आवृत्ती यांवर प्रकाशकांचा हक्क आहे. पुस्तक म्हणून घरी जरूर ठेवा, ॲपमध्ये घालू नका. मराठी भाषांतर शेजारी दाखवायचे असेल तर सध्या विकल्या जाणाऱ्या आवृत्त्यांसाठी प्रकाशकांची लेखी परवानगी लागेल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले भाषांतर मात्र आता सर्वांचे आहे. रमाबाई १९२२ साली वारल्या. भारतीय कायद्याची साठ वर्षे केव्हाच उलटली. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी ते स्वतः खिळे जुळवून छापले होते. हे काम करताना मी तो इतिहास वारंवार आठवतो. मुंबईत जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते, हेही लक्षात असू द्या. मराठीतून हिब्रू शिकवणारे तुम्ही पहिले नाही. मध्ये खंड पडला, तो भरायचा आहे.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते सांगतो.

ग्रीक-हिब्रूची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेली आहेत. विभक्ती म्हणजे काय, नामाला लिंग कसे असते, हे समजावण्यात त्यांची पहिली शंभर पाने जातात. आम्ही सुरुवातीला त्यांच्याच क्रमाने मराठी पाठ लिहिले. वर्ग कंटाळला. मराठी मुलाला "शब्दाला विभक्ती लागते" हे तीन पाठ समजावणे म्हणजे मांडवीकाठच्या माणसाला होडी म्हणजे काय ते सांगणे.

फोंड्यात संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. एका जुलैत मी माझे ग्रीक क्रियापदांचे कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. पाऊस इतका होता की पडवीत बसून एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. ग्रीक लिपी बाईंना येत नव्हती, म्हणून मी देवनागरीत लिहून दिले: दिदोमि, देतो. तिथेमि, ठेवतो. हिस्तेमि, उभा करतो. बाईंनी चष्मा वर केला, कागद जवळ ओढला आणि माझ्या अक्षरांखाली पेन्सिलीने लिहिले: ददामि, दधामि, तिष्ठामि. मग म्हणाल्या, "अरे, पहिली दोन तर जुहोत्यादि गणातली. पहिल्या अक्षराचे द्वित्व होते ते. हे तू मुलांना अपवाद म्हणून शिकवतोस?" मी खरोखरच अपवाद म्हणून शिकवत होतो, कारण इंग्रजी पुस्तकात ती शेवटच्या प्रकरणात, अवघड म्हणून येतात.

त्या दिवसापासून आमच्या पाठांचा क्रम बदलला. ग्रीकचा जो प्रयोग इंग्रजीत "मधला" म्हणून शिकवतात आणि विद्यार्थी वर्षभर चाचपडतात, तो आम्ही "आत्मनेपद आठवा" या एका वाक्याने सुरू करतो. दोन्ही तंतोतंत एक नाहीत, पण दार तिथूनच उघडते. भूतकाळी क्रियापदाच्या आधी लागणारा ए हा संस्कृतातल्या अगच्छत् मधल्या अ चा भाऊ आहे. संस्कृत न शिकलेल्यालाही मराठी पुरते. शुभवर्तमानांत पदोपदी येणारे अपोक्रिथेइस एइपेन इंग्रजीत ओढूनताणून सांगावे लागते. मराठीत ते सरळ "उत्तर देऊन म्हणाला" असे आहे. आपले ऊन-प्रत्ययाचे धातुसाधित ग्रीक कृदंताच्या इतके जवळ आहे की वर्गात कोणी प्रश्नच विचारत नाही.

हिब्रूतही तसेच. शामर म्हणजे त्याने राखले, शामरा म्हणजे तिने राखले. समोरच्या पुरुषाला शामर्ता, समोरच्या बाईला शामर्त. क्रियापद बोलणाऱ्याच्या समोरच्या माणसाचे लिंग पाहते याचे इंग्रजी विद्यार्थ्याला नवल वाटते. आपण "तू आलास" आणि "तू आलीस" रोज म्हणतो. निश्चित कर्माआधी येणारे हिब्रू एत समजावताना आम्ही "मुलगा पाहिला" आणि "मुलाला पाहिले" ही जोडी फळ्यावर लिहितो. एकदम जुळत नाही, पण कान तयार होतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. इंग्रजी पुस्तके निश्चितता दाखवणाऱ्या उपपदावरून (इंग्रजीतले the) अर्ध्या पानात पुढे जातात, कारण इंग्रजीत ते आहे. मराठीत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना ग्रीकचे हो-हे-तो आणि हिब्रूचे ह- सर्वांत जास्त छळतात, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वचनात थेओस एकदा उपपदासह आणि एकदा उपपदाविना येतो तिथे सगळे थबकतात. त्यावर आम्ही आता पाच पाठ घेतो. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो: इंग्रजी अभ्यासक्रमाचे भाषांतर करू नका. मराठी माणसाला काय सोपे आणि काय अवघड आहे, याची स्वतःची यादी करा आणि क्रम त्यावरून लावा. सॉफ्टवेअरमध्ये पाठांचा क्रम कोडमध्ये पक्का बांधू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा. म्हणजे शिक्षकाला तो कोड न शिकता बदलता येईल.

शब्दार्थांचे काम याहून नाजूक आहे. ग्रीक हेमेइस म्हणजे "आम्ही" की "आपण"? ग्रीकला हा फरक माहीत नाही, हिब्रूलाही नाही, मराठीला आहे. भाषांतरकाराला दर वेळी ठरवावे लागते की बोलणारा ऐकणाऱ्याला धरून बोलतो की सोडून. आमच्या शब्दयादीत आधी फक्त "आम्ही" होते. पत्रे वाचताना त्याने कितीतरी ठिकाणी अर्थ फिरला. आता दोन्ही अर्थ दाखवतो आणि सरावात कोणताही बरोबर धरतो. सर्वनामांचा दुसरा घोळ "तुम्ही"चा. ग्रीक एकवचनी सू आम्ही "तू" म्हणून शिकवले. आमच्या एका विद्यार्थिनीने, वय सत्तरच्या पुढे, देवाला उद्देशून असलेल्या वाक्यात "तुम्ही" लिहिले आणि यंत्राने चूक दाखवली. त्यांना वाईट वाटले, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. वचन तपासायचे तर प्रश्न वचनाचाच विचारा, मराठी सर्वनामावरून वचन ओळखू नका.

नेफेश या हिब्रू शब्दाला जुन्या इंग्रजी कोशातून उतरवलेला "आत्मा" दिला की मराठी वाचकाच्या मनात वेदान्त उभा राहतो. हिब्रूत तो शब्द गळा, श्वास, जीव, माणूस असा फिरतो. आम्ही "जीव" हा पहिला अर्थ ठेवला, आणि मराठीत "जीव" किती काम करतो ते पाहून आम्हीच चकित झालो: जीव गेला, जीव लावला, घरात चार जीव आहेत. रूआहला वारा, श्वास, आत्मा. हेसेदला एक शब्द नाहीच, तिथे तीन वचने दाखवून वाचकावर सोपवतो. यासाठी १९०६ चा ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्जचा हिब्रू कोश आणि १९२२ चा ॲबट-स्मिथ यांचा ग्रीक कोश हे दोन्ही आता हक्कमुक्त आहेत, आधार म्हणून वापरा. यंत्राकडून हजारो अर्थांचे मराठी एका रात्रीत करून घेता येते हे मला माहीत आहे. कच्चा मसुदा म्हणून घ्या, पण एकाही अर्थावर माणसाची नजर फिरल्याशिवाय तो विद्यार्थ्यापुढे ठेवू नका. चुकीचा शिकलेला शब्द पुसायला नवा शिकण्याहून दुप्पट वेळ लागतो.

घाबरू नका, संख्या आवाक्यातल्या आहेत. ग्रीक नव्या करारात सुमारे १ लाख ३८ हजार शब्द आहेत, पण वेगवेगळे शब्द ५,४०० च्या आसपास. त्यांपैकी पन्नास किंवा जास्त वेळा येणारे तीनशेच्या थोडे वर, आणि तेवढ्यांनीच पाठाचा जवळजवळ ८० टक्के भाग व्यापतो. तीनशे शब्दांचे नीट, विचारपूर्वक मराठी अर्थ तिघे मित्र एका पावसाळ्यात लिहू शकतात.

आता तुमच्या धंद्यातले, म्हणजे संगणकाचे बारकावे. हे वाचून तुम्ही हसाल की एवढेसेच, पण यांतल्या एकेकाने आमचे आठवडे खाल्ले.

शब्बात हा शब्द घ्या. शिन अक्षर, त्यावर उजवीकडे शिनचा ठिपका, खाली पतह हे स्वरचिन्ह, मग बेत अक्षराच्या पोटात दागेश नावाचा ठिपका, खाली कामेत्स हे दुसरे स्वरचिन्ह, शेवटी ताव अक्षर. माणूस शिकताना आधी ठिपका, मग स्वर असा विचार करतो आणि टंकतोही तसेच. पण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकीय संकेत देणाऱ्या प्रमाणाच्या, एनएफसी नियमाने चिन्हांचा क्रम लावला की स्वर आधी येतो आणि दागेश व शिनचा ठिपका नंतर. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, शोधात मात्र एकमेकांना सापडत नाहीत. म्हणून सगळा पाठ एनएफसीत बदलून ठेवावा असे वाटते. तसे करू नका. येरूशालाइम हा शब्द हिब्रू बायबलात बहुतेक ठिकाणी असा लिहिलेला आहे की लामेद या अक्षराखाली एकामागून एक दोन स्वर येतात. एनएफसी त्यांची अदलाबदल करते, आणि मधे जोडचिन्ह घातलेले नसेल तर पाठ कायमचा बिघडतो. हा नियम आता बदलणार नाही, युनिकोडने तो गोठवला आहे. उपाय एकच: मूळ पाठाला हात लावायचा नाही. शोधासाठी वेगळी प्रत करायची, तिच्यातून गायनाची चिन्हे काढायची, हवे तर स्वरही काढायचे, आणि वापरणाऱ्याने टंकलेलेही त्याच चाळणीतून घालायचे. ग्रीकमध्येही एकाच तीव्र स्वराघाताची दोन सांकेतिक स्थाने आहेत, तिथे हीच चाळणी कामी येते.

उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी मराठी वाक्यात बसवताना प्रत्येक हिब्रू शब्द स्वतंत्र डब्यात बंद करा. ब्राउझरमध्ये त्यासाठी वेगळा टॅग आहे. नाहीतर पूर्णविराम आणि कंस भलतीकडे उड्या मारतात. यात एक गोष्ट खास आपल्यासाठी आहे, ती कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात नसते. इंग्रजी अंकांना दिशेच्या बाबतीत स्वतःचे मत नसते, देवनागरी अंकांना असते. युनिकोड त्यांना डावीकडून उजवीकडे जाणारी अक्षरे मानतो. त्यामुळे दिशा आपोआप ठरवायला सांगितली आणि हिब्रू ओळीच्या आरंभी वचनाचा देवनागरी अंक घातला, की ब्राउझर आख्खी ओळ मराठीची समजतो. दिशा आपोआप ठरू देऊ नका, स्वतः लिहा.

तिसरा बारकावा आपल्याच लिपीतला. एका विद्यार्थ्याने उत्तर लिहिले "दुसऱ्या", आणि यंत्र म्हणाले चूक. पडद्यावर त्याचे उत्तर आणि आमचे उत्तर अक्षरशः एक दिसत होते. दोन रात्री शोधल्यावर कळले: काही कळफलक अर्धा र नुक्तावाल्या र पासून बनवतात, काही साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. एनएफसी या दोघांना एक करत नाही. तेव्हा मराठी उत्तरे तपासण्याआधी हा फरक तुमच्या कोडनेच मिटवायला हवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना यंत्राने सौम्यपणे "बहुधा बरोबर" म्हणावे. परीक्षा ग्रीकची आहे, मराठी शुद्धलेखनाची नाही.

उच्चार देवनागरीत द्यावेत का, असे सगळे विचारतात. आम्ही पहिल्या आवृत्तीत प्रत्येक शब्दाखाली देवनागरी उच्चार दिला होता. लोक खूश होते. तीन महिन्यांनी छापील पान पुढे ठेवले तर वर्गातल्या बहुतेकांना एक ओळही वाचता येईना. डोळा खालच्या ओळीला चिकटला होता, वरची लिपी नुसती नक्षी झाली होती. गोव्यात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एकच कोंकणी चर्चमध्ये रोमीत आणि शाळेत देवनागरीत वाचणारे, आणि एका लिपीत सराईत असून दुसरीत अडखळणारे लोक आपल्या घरात-शेजारात आहेत. रायतूरला फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी मराठी पुराण रचले, ते देवनागरी खिळे नसल्यामुळे रोमन लिपीत छापावे लागले. पुढे ते देवनागरीत आले तेव्हाच बहुतेक मराठी वाचकांना नीट वाचता आले. तेव्हा देवनागरी उच्चार पहिले पंधरा दिवस द्या, मग बोट ठेवल्याशिवाय दिसणार नाही असा लपवा. ध्वनिमुद्रण मात्र कायम ठेवा. आणि भाषा व लिपी यांची नोंद सुरुवातीपासून वेगवेगळी ठेवा. उद्या सासष्टीतला कोणी रोमी कोंकणीतून समजूत लिहून देईल, तेव्हा त्याला जागा असायला हवी.

उच्चारांच्या पद्धतींवरून भांडू नका. ग्रीकच्या तीन पद्धती चालतात, दोन तरी निवडता येतील असे ठेवा. जुन्या अथेन्सच्या ग्रीकमधला फी खरोखर आपल्या फळातल्या फ सारखा होता, थीटा थ सारखा. मराठी जिभेला ते जन्मतः येते, एवढे वर्गात सांगितले की मुलांचे चेहरे उजळतात. हिब्रूत देवाचे चार अक्षरी नाव येते तिथे ध्वनिमुद्रणात आदोनाय वाचा. पाठ ज्या समाजाने शतकानुशतके जपला त्याची ती रीत आहे, आणि तुमचे वापरकर्ते अलिबाग-ठाण्याकडचे बेने इस्राएल कुटुंबातलेही असतील.

उजळणीचे गणित स्वतः लिहू नका. शब्द विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा विचारायचा, हे तत्त्व संगणकावर १९८७ पासून आहे आणि अँकीसारख्या मुक्त प्रणालीत त्याची आजची सुधारलेली आवृत्ती तयार मिळते. तुमच्या याद्या अँकीत उतरवता येतील एवढी सोय केली तरी निम्मे काम झाले. वेळ वाचला तो पाठातून प्रश्न काढण्यात घाला. सुटा शब्द विचारण्याऐवजी त्याचे पूर्ण वचन दाखवा, त्यातला एक शब्द रंगवा आणि त्याचे व्याकरण चालवायला सांगा.

वचनांचे क्रमांक जुळतील असे धरून चालू नका. मलाखी हिब्रूत तीन अध्यायांचा आहे, मराठी बायबलात चार. योएलचे उलट: हिब्रूत चार, मराठीत तीन. स्तोत्रांची शीर्षके हिब्रूत वचन म्हणून मोजतात, त्यामुळे ५१ व्या स्तोत्राचे आपले पहिले वचन तिकडे तिसरे असते. जुळणीचा तक्ता पहिल्या दिवशीच घाला. आणि "हिब्रू" असे नाव दिलेत तरी दानीएल, एज्रा यांतले मोठे भाग आणि यिर्मयातले एक वचन अरामी आहे. तिथे व्याकरणाची लेबले बदलतात, नाहीतर विद्यार्थ्याला वाटते आपणच सगळे विसरलो.

ॲप नेटशिवाय चाललेच पाहिजे. सत्तरीत, काणकोणात जूनपासून वीज आणि रेंज दोन्ही जातात, आणि लोकांना वाचायला निवांत वेळ तेव्हाच असतो. ग्रीक नवा करार व्याकरणासह काही मेगाबाइटांत बसतो, स्वस्तातल्या फोनलाही जड जात नाही. खाते उघडायला लावू नका. फाँट सोबत द्या. हिब्रूसाठी एझ्रा एसआयएल आणि ग्रीकसाठी जेंटियम मुक्त परवान्याने वाटता येतात.

माणसांविषयी एकच. तिघेही अभियंते असाल तर चौथा माणूस आणा, जो वर्गात शिकवतो. आमच्या शनिवारच्या वर्गात चर्चमध्ये वाचन करणारे आहेत, संस्कृतचे विद्यार्थी आहेत, एक बँकेतले गृहस्थ केवळ भाषेच्या ओढीने म्हापशाहून येतात. त्यांच्या शेजारी बसून, ते कुठे थांबतात ते पाहूनच आम्ही प्रत्येक चांगला बदल केला. अर्थ आणि व्याकरण दाखवून सॉफ्टवेअरने थांबावे. वचनाचा सिद्धांत काय हे वाचणाऱ्याने आपल्या ठिकाणी ठरवावे. ही शिस्त पाळल्यामुळेच हे सगळे एका बाकावर बसतात.

तुमच्या पुढच्या महिन्याचे काम असे करा. मुळाक्षरे येतात म्हणून मोह ग्रीकचा होईल, तर तोच धरा: योहानाचे पहिले पत्र, १०५ वचने, शब्द थोडे आणि पुन्हा पुन्हा येणारे. हिब्रू शिकून झाले की रूथ घ्या, ८५ वचने. पत्राच्या पहिल्या अध्यायाची दहा वचने मॉर्फजीएनटीतून काढून साध्या तक्त्यात उतरवा. एका रकान्यात ग्रीक रूप, पुढच्यात मूळ शब्द, मग व्याकरण, आणि शेवटचा रकाना मराठी अर्थाचा, रिकामा. तो तिघांनी वेगवेगळा भरा, एकमेकांचे न बघता. मग एकत्र बसून जिथे तिघांचे तीन अर्थ झाले त्या ओळी रंगवा. त्या अध्यायात "आम्ही" की "आपण" हा प्रश्न पहिल्याच वचनापासून उभा राहील. तो तक्ता मला पाठवा, मी माझा अर्थांचा रकाना भरून परत देईन.